नापास गाल

वारलूभाऊ, परवा तुमचे दिवस झाले. त्या दिवशी तुमच्या मातीवर कुणीतरी खर्र्याची पुडी ठेवली आणि मी सगळ्यांसमोर भांडण काढलं.

तुमच्याकडची रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. गेलेल्याला जे आवडायचं, जे त्याच्या हाताला रोज लागायचं, ते त्याच्याजवळ ठेवायचं. ताडीची तुंबडी होती, तुमचा एका काडीचा चष्मा होता, सायकलची घंटी होती. घंटी बघून मला हसूच आलं. सायकल जाऊन मोटारसायकल आली तरी तुम्ही घंटी काढून जपून ठेवली होती, हे मला परवा कळलं. पण घंटीशेजारी ती तंबाखू-सुपारी घोटून केलेली, ताजी, पन्नीत बांधून वर रबर चढवलेली पुडी दिसली आणि माझं डोकं फिरलं. मी ती उचललीच. "ज्यानं माणूस खाल्ला तेच त्याच्या पानात वाढता?" असं काहीतरी तावातावानं बोलले. अख्खा टोला, सगळी वस्ती माझ्याकडं वळली. मग सोमीवहिनी जागेवरून न उठता म्हणाली, "ठेव जी बाई ते. त्याले आवडे. आता ते त्याले काय करते?"

मी पुडी परत ठेवली. बायको तुमची, शोक तिचा, आणि शहाणपण शिकवायला मी आले नागपूरहून गाडी करून. माझ्या नाकावर राग असतो हे तुम्ही पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. पण हा राग पुडीवरचा नव्हता, भाऊ. जे भांडण मी परवा मातीशी केलं, ते दोन वर्षांपूर्वी तुमच्याशी करायचं होतं. तेव्हा तुम्ही माझ्यासमोर तोंड उघडून बसला होता आणि माझ्या हातात बॅटरी होती.

आपली पहिली भेट तुम्ही कायम चुकीची सांगायचात. तुम्ही सांगायचात की मॅडमबाई गाडीतून उतरली आणि नाल्यातच बसली. मी बसले नव्हते, घसरले होते. कॉलेजच्या मुलामुलींना घेऊन आरोग्य शिबिराला आले होते. फार्मसी शिकवणारी मी, माहेर राजुऱ्याचं, वडील कोळशाच्या खाणीत. जंगल म्हणजे लांबून दिसणारी हिरवी रेघ, एवढीच माझी ओळख. एटापल्लीच्या पुढं रस्ता संपला की नाला, नाल्यापलीकडं तुमचं उपकेंद्र, आणि तिथून पुढच्या सगळ्या टोल्यांचे आरोग्य सेवक तुम्ही एकटे. त्या दिवशी तुम्ही एका घरी हिवतापाची गोळी द्यायला निघाला होता, मी मागोमाग आले. बाईला गोळी दिली, पाणी दिलं. मी पाठ फिरवून निघाले, तर तुम्ही खाटेवर बसकण मारलेली.

"बसा जी, अर्धा घंटा बसा लागते."

"काऊन?"

"गोई पोटात टिकली का नाई, कसं समजल? उलटी झाली तं वापस द्या लागते."

आणि तुम्ही बोलायला लागलात. गोंडीत, मधूनच मराठीत. अस्वलाचं काय, जावयाचं काय, कोंबडी कुणी चोरली त्याचं काय. ती तापानं फणफणलेली बाई हसायला लागली. अर्ध्या तासात तुम्ही त्या घरातलं सगळं काढून घेतलंत. सासूचा खोकला महिन्याचा आहे, धाकट्या जावेला दिवस गेलेत, गोठ्यामागं डबकं साचलंय. तरी बाईनं एकोणतिसाव्या मिनिटाला गोळी बाहेर काढलीच. तुम्ही शांतपणे दुसरी गोळी काढली आणि मला म्हणालात, "बसा, अजून अर्धा घंटा."

कंटाळा आला मला, खरं सांगते. आणि त्या कंटाळ्यातूनच सगळं सुरू झालं. तुम्ही गालात खर्रा दाबून बसला होता. तंबाखूवर भाषण देणारा सरकारी माणूस आणि गालात खर्रा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी टोमणा मारला तर तुम्ही लाजलात, पण लगेच मलाच उलटा सवाल टाकलात.

"मॅडमबाई, हा खर्रा मी गियत नाई. पोटात जात नाई. तरी नशा येते. मंग तुमची गोईच काऊन पोटातून जाते?"

पुस्तकात हे होतं, भाऊ. वर्गात दरवर्षी शिकवत होते. पोटातून गेलेलं औषध आधी यकृतात जातं, तिथं त्यातलं बरंचसं मोडून पडतं, उरलेलं रक्तात उतरतं. गालाच्या आतलं अस्तर पातळ, त्याखाली रक्ताच्या बारीक वाहिन्या, तिथून औषध सरळ रक्तात. उलटी झाली तरी हरवणार नाही. सगळं माहीत होतं. पण हिवतापाची गोळी आणि गाल या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एका जागी आल्या नव्हत्या. त्या तुमच्या खर्र्यानं आणल्या.

नागपूरला परतले ती तेच डोक्यात घेऊन. माझं काम तेव्हा अडलेलं होतं. औषध पाण्यात विरघळत नव्हतं, म्हणून मी त्याचे अतिसूक्ष्म कण करत होते, एकेका कणाला तेलकट कवच चढवून. केसाच्या जाडीत असे शेकडो कण शेजारी शेजारी बसतील एवढे लहान. एवढं बारीक केलं की औषधाला अंगात शिरायची वाट सापडते. पण हे कण द्यायचे कसे ते ठरत नव्हतं. आता ठरलं. डिंकासारख्या पदार्थाची पातळ पट्टी करायची, पोस्टाच्या तिकिटाच्या निम्मी, त्यात हे कण बसवायचे आणि गालाच्या आत चिकटवायची.

ती कोरी पट्टी पहिल्यांदा दाखवायला आणली तेव्हा तुम्ही ती उन्हात धरून आरपार बघितलीत. म्हणालात, यात तर काहीच नाई. मी तासभर समजावलं. फळ्यावर शिकवावं तसं उपकेंद्राच्या भिंतीवर कोळशानं चित्र काढून समजावलं. तुम्ही हूं हूं करत ऐकलंत आणि मग बाहेर बसलेल्या लोकांना तीन वाक्यांत सांगितलंत. काय सांगितलं ते तुमच्याकडून मी मराठीत वदवून घेतलं आणि वहीत लिहून ठेवलं, ते असं: "दवाई लय कडू हाय. म्हनून बाईनं तिच्या लहान लहान पुड्या बांधल्या, इतक्या लहान का डोयाले दिसत नाई. गालात गेली का पुडी सुटते." आजही मी वर्गात हेच सांगते. मुलं लिहून घेतात.

प्रयोगशाळेत आम्ही औषध गालातून जातं का हे बोकडाच्या गालावर बघतो. खाटिकाकडून सकाळी ताजा गाल आणायचा, अस्तर सोडवायचं, त्यावर पट्टी लावायची, पलीकडं किती औषध उतरलं ते मोजायचं. फार छान उतरत होतं. मी फोनवर तुम्हाला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "बोकड खर्रा खात नाई न जी."

मी हसले. तुमचं हे एक होतं, खरी गोष्ट तुम्ही नेहमी विनोदात गुंडाळून द्यायचात. आणि माझं हे एक होतं की मी विनोद तेवढा घ्यायची.

मग तो दिवस. धान कापून झाले होते, लोक जरा मोकळे होते. परवानगीचे सगळे कागद झाले होते. औषध नसलेल्या, बडीशेपेच्या वासाच्या कोऱ्या पट्ट्या घेऊन मी आले. पट्टी गालात टिकते का, लोकांना चालते का, एवढंच बघायचं होतं. अंगणात पंधराजण बसले. कुणी पुढं येईना. तुम्ही उठलात, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसलात आणि सगळ्यांकडं बघून म्हणालात, "पयले मी."

"आ करा," मी म्हटलं.

तुम्ही आ केलात. म्हणजे केलात असं तुम्हाला वाटलं. तुमचं तोंड दीड-दोन बोटं उघडलं आणि थांबलं. माझा चिमटा आडवा करून आत घालावा लागला. बॅटरी मारली. गाल आतून लाल, ओला असतो, तुमचा पांढुरका होता. बोट लावलं तर कातड्याच्या पट्ट्यासारखा ताठ. मी विचारलं, "भाऊ, तिखट लागतं का तोंडाला?" तुम्ही म्हणालात, "मिरची तं सोडली जी. आता वय झालं."

वय तुमचं तेव्हा सत्तेचाळीस.

मला कळलं होतं, भाऊ. माझ्यापासून काय लपवणार? सुपारीनं गाल असाच होतो, आतून आखडत जातो, आणि पुढं जाऊन त्यातल्या काहींचं काय होतं हेही मी शिकवते. परीक्षेत प्रश्न विचारते त्यावर. पण त्या क्षणी मी काय बघत होते सांगू? माझी पट्टी. ती तुमच्या गालाला चिकटत नव्हती, पुन्हा पुन्हा सुटून येत होती. मी वैतागले. वहीत लिहिलं, "क्रमांक एक. गाल अयोग्य." आणि म्हटलं, "पुढचा."

तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून वाचलंत.

"अयोग्य म्हंजे नापास न जी?"

"हाव भाऊ, नापास."

तुम्ही अंगणाकडं वळून दोन्ही हात वर केलेत आणि जाहीर केलंत, "माहा गाल नापास झाला!" लोक खो खो हसले. मीही हसले. त्या हसण्यानं सगळ्यांची भीड चेपली आणि बाकीचे चौदाजण भराभर पुढं आले. तुमच्या नापास होण्यावरच माझा दिवस पास झाला म्हणायचा.

पुढं त्या दिवशी जे झालं ते तुम्ही कितीदा सांगितलं असेल. मी चौदा गालांत पट्ट्या चिकटवल्या. चावायचं नाही, गिळायचं नाही, बोट लावायचं नाही, सगळं समजावलं. सकाळीच तुम्ही कानात म्हणाला होता, "मॅडमबाई, थुकतील." मी म्हटलं, "यात थुंकण्यासारखं आहे काय? बडीशेप आहे." पाच मिनिटं झाली असतील. एकजण उठला, अंगणाच्या कडेला गेला, पचकन थुंकला, परत येऊन बसला. मग दुसरी. मग रांगच लागली. चौदाच्या चौदाजण, अगदी शिस्तीत. कारण गालात ठेवलेल्या कशाचाही रस गिळायचा नसतो, गिळला तर भोवळ येते, हे तुमच्याकडं लहानपणापासून अंगात भिनलेलं. पट्टी वरून विरघळत होती आणि माझ्या नव्या विज्ञानाचा निम्मा अर्क चिंचेच्या झाडाखाली पडत होता. नागपूरचा माणूस ही चूक करणार नाही असं म्हणायला जाणार होते, पण चूक त्यांची नव्हतीच. मी गालाचा विचार केला होता, गालाच्या सवयीचा नाही.

"आता काय करता?" मी तुमच्यावरच चिडून विचारलं.

"एका बाजूनं झाकन लावा न," तुम्ही म्हणालात. "गालाकडून उघडी, तोंडाकडून बंद. मंग थुको का नाचो."

हेही पुस्तकात होतं. पट्टीला पाठीमागून न विरघळणारा थर देता येतो. मी तो जाडी वाढते म्हणून सोडून दिला होता. पुढच्या वेळी तो लावून आणला आणि लोक मनसोक्त थुंकले, पट्टी जागच्या जागी. पुढं एका मोठ्या सभेत मी हे मांडलं तेव्हा लोकांनी विचारलं, एवढ्या साध्या कोऱ्या चाचणीत तुम्हाला थराचं महत्त्व कसं लक्षात आलं? मी म्हटलं, आमचे एक भाऊ आहेत. पुढं काही सांगता आलं नाही, वेळ संपल्याची घंटा झाली.

आपला खरा वाद मात्र वेगळाच होता आणि तो मिटला नाही. मी म्हणायची, पट्टी आली की तुमचा अर्धा तास वाचेल. चिकटवायची आणि पुढच्या घरी. पाणी नको, उलटीची धास्ती नको, शंभर माणसांचं औषध शर्टाच्या खिशात. तुम्हाला खिशाचं पटलं होतं. पावसाळ्यात नाला भरला की पेट्या डोक्यावर घेऊन जाणारे तुम्ही, खिशाचं कसं नाही पटणार? पण अर्ध्या तासाचं नाव काढलं की तुम्ही हट्टाला पेटायचात.

"पट्टी चिपकवून मी निघून गेलो, तं घर कोन पाहील?"

"घर बघायला वेगळं या ना."

"वेगळं कोनी येत नाई, मॅडमबाई. अर्धा घंटा बसा लागते म्हनून मानूस बसते. बसते म्हनून त्याले दिसते. तुमची दवाई खूनात सीधी जाईल, मानूस सीधा घराबाहेर जाईल."

मी म्हणायची, हा भावनेचा मुद्दा झाला. तुम्ही म्हणायचात, हाव, भावनेचाच. मग मी चिडायची आणि तुम्ही खर्रा घोटायला घ्यायचात. तळहातावर पन्नी, तिच्यावर अंगठा, ती लय अजून माझ्या कानात आहे. त्या पन्नीकडं मी इतक्यांदा बघितलं आणि एकदाही हातातून हिसकावून घेतली नाही. दोन-चारदा म्हटलं असेल, "भाऊ, कमी करा, एकदा दाखवून या कुणालातरी." चहा पिता पिता म्हटलं. तसं तर तुम्हाला सगळेच म्हणायचे.

काऊन नाही ओरडले मी? दिवसभर डोक्यात तेच फिरतं. आज लिहून टाकते. तुम्ही महिनाभर नागपूरला दवाखान्यात गेला असता तर माझं काम थांबलं असतं. टोल्यांत मला कोण ओळखत होतं? तुमच्याशिवाय एकही तोंड माझ्यासमोर उघडलं नसतं. मी असं ठरवून केलं नाही, भाऊ, शपथेवर सांगते. पण आतून कुठंतरी हे होतं, आणि वर तो विनोद होता. टोल्याटोल्यांत तुम्ही सांगत फिरत होता, माहा गाल नापास हाय, म्हणून मॅडमबाई मले घेत नाई. लोक हसायचे, मी हसायची. नापास म्हणजे काय, हे आपल्यातल्या एकालाही कुणाला विचारावंसं वाटलं नाही. आणि तुम्हाला विचारायची गरजच नव्हती, सांगायचं काम माझं होतं.

गेल्या पावसाळ्यात तुमच्या गालात गाठ झाली तोवर तोंड एक बोट उघडत होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी बॅटरी मारायचा प्रयत्न केला आणि नुसती मान हलवली. पुढचं तुम्हाला माहीत आहे, मी काय सांगू? उपचार झाले. जेवढे होणार होते तेवढे झाले. हिवाळ्यात तुम्ही म्हणालात, घरी न्या.

दुखणं फार होतं. गोळी गिळता येईना, दातांच्या फटीतून आंबील चमच्यानं जायची तेवढीच. तेव्हा डॉक्टरांनी ती दुसरी पट्टी लिहून दिली. कातडीवर लावायची, छातीवर, तीन दिवसांनी बदलायची. औषध कातडीतून हळूहळू आत झिरपत राहतं. तुमचा पुतण्या घेऊन निघाला, मी त्याच्याबरोबर आले. लावायची मीच, असं मी ठरवलं होतं. तुम्ही शेकोटीजवळ बसला होता. मी आधी तुम्हाला शेकोटीपासून लांब सरकवलं, सोमीवहिनीला बजावलं की पट्टीला शेक लागू द्यायचा नाही, उन्हातही बसवायचं नाही, ऊब लागली की औषध भसाभस आत जातं. तुम्ही मिटल्या दातांतून काहीतरी बोललात. मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

"तुमची पट्टी शेवटी मलेच लागली."

"ही माझी नाही, भाऊ."

"पट्टी ते पट्टीच."

छातीवरची जागा मी पुसून कोरडी केली. पट्टी लावली, तळहातानं दाबून धरली. तुमचं काळीज हाताला लागत होतं. मी मनात म्हटलं, आता सांग. सांग की मला त्याच दिवशी कळलं होतं. माफी माग. तुम्ही खाटेच्या काठावर थापटलंत. "बसा, अर्धा घंटा. टिकते का नाई पाहू."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "भाऊ, ही पट्टी लागू पडायलाच अर्धा दिवस जातो. अर्ध्या तासात काही कळत नाही." शंभर टक्के बरोबर उत्तर. वर्गात कुणी असं उत्तर दिलं तर मी पूर्ण गुण देईन. दुसऱ्या दिवशी कॉलेजात बैठक होती, गाडीवाला घाई करत होता. मी दहा मिनिटांत निघाले. तुम्ही हात वर करून जोहार केलात, तोंडानं बोलायचं टाळलंत. मोहाची फुलं पडायला लागली आणि पुतण्याचा फोन आला, तुम्ही गेल्याचा.

तुम्ही माफ केलं असतंत हे मला माहीत आहे. म्हणूनच मागायचं राहिलं का, कोण जाणे. ज्याच्याकडून मिळणारच असते ती गोष्ट माणूस पुढं ढकलतो.

तर परवा. पुडी परत ठेवली, लोक पांगले. माझी गाडी नाल्यापलीकडं उभी होती. निघाले होते, आणि तुमच्या अंगणातली खाट दिसली. म्हटलं, बसू. अर्धा घंटा बसू, घड्याळ लावून. काही करायचं नाही, काही विचारायचं नाही. नुसतं बसायचं. एवढं तरी तुमचं ऐकू.

पहिली दहा मिनिटं मी कोंबड्या मोजल्या. मग सोमीवहिनी भात घेऊन पायरीवर बसली. दोन दिवसांत पहिल्यांदा जेवत होती बिचारी. मी नुसतीच बघत होते. ती भाताचा घास करायची, तो अंगठ्यानं दाबून चपटा करायची, मग मान जराशी वाकडी करून ओठांतून आत सरकवायची. मध्ये मध्ये पाणी. ताटात मिरची नव्हती. मी किती वेळ बघत राहिले आणि मग एकदम खाटेवरून उठले. हा घास मी आधी बघितला होता. तुम्ही असेच जेवायचात.

"वहिनी," मी म्हटलं, "तीन बोटं अशी एकावर एक उभी धरा. आता घाला तोंडात."

"काऊन जी?"

"घाला तर."

ती जराशी हसली, लहान पोरीसारखी. घातली. चांगल्या तोंडात तिन्ही सहज जातात. तिची दोन गेली, तिसरं नखापाशी अडलं. तिनं जोर लावला, मग हात खाली घेतला.

"तिखट कधीपासून सोडलं?"

"दोन पावसाये झाले."

घरातून तुमचीच बॅटरी आणली. त्यातले सेल अजून चालत होते. तिला उन्हाकडं पाठ करून बसवलं आणि बघितलं. सगळीकडं बघितलं, दोन्ही गाल, जीभ उचलून खाली, मागं जाईल तेवढं मागं. या वेळी माझ्या हातात पट्टी नव्हती, चिकटते की नाही हे बघायचं नव्हतं. जखम नव्हती, भाऊ. गाठ नव्हती. पण गाल पांढुरका होता आणि ताठ होता. माझे डोळे भरून आले आणि सोमीवहिनी माझ्या तोंडाकडं बघत होती. टोल्यात तुमचा तो विनोद कुणाला माहीत नाही?

"मी पन नापास का?" तिनं विचारलं.

मी हसले नाही. "हाव वहिनी," म्हटलं, "नापास. सकाळी माझ्यासोबत चला. मी आज थांबते."

तिनं हात धुतला, ताट उचललं, आत गेली. मला वाटलं, नाही येणार. पण काल सकाळी ती माझ्याआधी तयार होती, कोरं लुगडं नेसून, हातात पिशवी. नाल्याकडं जाणारी वाट तुमच्या मातीवरूनच जाते. तिथं ती थांबली. कमरेला खोचलेली स्वतःची खर्र्याची पुडी सोडवली, तुमच्या पुडीशेजारी नीट ठेवली, आणि घंटी एकदा वाजवली.

मी उचलायला हात पुढं केला नाही.